वीज कोणाच्या पापावर पडते?

एका खेड्यातील उपदेशक बंधूंचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यात त्यांनी एक हकीकत लिहून दोन प्रश्न विचारले आहेत. गावाचे किंवा माणसांचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच हकीकत आपल्यापैकी पुष्कळांच्या गावी घडलेली असेल.

चैत्रातील प्रभुवार होता. उपासना चालू असता आभाळ भरून आले. मंडळीतील एका शेतकरी बंधूचा काढलेला कांदा शेतात उघडा पडला होता. तो अर्ध्या उपासनेतून उठला आणि ताडपत्री घेऊन शेतावर गेला. कांदा झाकून होतो न होतो तोच पाऊस आला. तेव्हा तो बांधावरच्या कडुलिंबाखाली उभा राहिला, आणि तेथेच वीज पडून तो गेला. मागे पत्नी व दोन लहान मुले आहेत. दफनविधीस सर्व मंडळी आली. परंतु तिसऱ्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली की, त्याने प्रभूचा दिवस मोडला म्हणून प्रभूने त्याजवर हात उगारला. गावातील इतर लोक म्हणू लागले की, ह्या घराने देवीचा नैवेद्य बंद केला, त्याचे हे फळ. ती बाई अजून उपासनेस येते. परंतु दाराजवळ बसते, आणि आशीर्वाद होताच कोणाशी न बोलता निघून जाते. "तिला मी काय सांगू?" हा उपदेशक बंधूंचा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न असा. ह्या प्रसंगानंतर काही तरुणांनी सुचविले की, उपासनामंदिराच्या शिखरावर वीजरोधक सळई बसवावी. त्यावर मंडळीतील एक वृद्ध वडील म्हणाले, "देवाच्या घरास लोखंडाचा आधार कशाला? हा अविश्वास आहे." ह्यात खरे काय?

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून त्यांचा विचार आम्ही एकत्र करितो.

प्रथम वीज म्हणजे काय हे पाहू. उन्हाळ्याच्या अखेरीस जमीन तापते, तिच्यावरची दमट हवा वेगाने वर चढते, आणि काही कोस उंचीचे काळे ढग उभे राहतात. त्यांच्या वरच्या भागात इतकी थंडी असते की पाण्याचे बर्फ होते. बर्फाचे हलके कण वर जात असतात आणि मऊ गारा खाली येत असतात; त्यांची सारखी टक्कर होऊन ढगात विद्युत साठते. बहुधा ढगाच्या वरच्या अंगास धन विद्युत आणि खालच्या अंगास ऋण विद्युत गोळा होते. हा साठा अनावर झाला म्हणजे तो वाट शोधू लागतो. पुष्कळ वेळा ही वाट ढगातल्या ढगातच सापडते. काही वेळा ती जमिनीकडे येते. तेव्हा जमिनीवर जे उंच व एकटे असेल, जसे झाड, मनोरा किंवा मोकळ्या रानात उभा असलेला मनुष्य, त्याकडे ती सहज वळते. त्या क्षणी विजेच्या मार्गातील हवा सुमारे ३०,००० अंश तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी पट अधिक. ती हवा एकदम फुगून फुटते, तोच गडगडाट होय.

वाचकहो, ह्या वर्णनात वाट आहे, उंची आहे, ओलावा आहे. परंतु मनुष्याचे अंतःकरण पाहण्याचे काही साधन विजेपाशी असल्याचे कोठेही आढळत नाही. कोणी म्हणेल की, वीज जरी पाहत नसली तरी तिला पाठविणारा पाहतो. हे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. तेव्हा वीज जेथे जेथे पडली तेथे जाऊन हे म्हणणे टिकते की नाही ते पाहू.

नॉर्वे देशात हार्डांगेरविडा नावाचे विस्तीर्ण पठार आहे. तेथे २०१६ सालच्या ऑगस्ट महिन्यात वादळात एकमेकांस बिलगून उभा असलेला रेनडिअर हरणांचा कळप विजेने एका वेळी मारला गेला. मेलेली जनावरे मोजली ती ३२३ भरली. वीज ओल्या भुईत शिरली म्हणजे चोहोकडे पसरते; जनावराचे पुढचे व मागचे पाय दूर असल्यामुळे ती एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. म्हणून आपल्याकडेही झाडाखाली बांधलेली गुरे अशी मरतात. त्या हरणांनी किंवा आपल्या बैलांनी कोणता प्रभुवार मोडला होता?

आता देवाच्या घराकडे या. युरोपात पूर्वी अशी समजूत होती की, देवळाची घंटा वाजविली म्हणजे वादळ पांगते. ह्या कारणास्तव आभाळ गडगडू लागले की घंटा वाजविणारे लोक मनोऱ्यात जाऊन ओले दोर ओढीत उभे राहत. म्यूनिक येथे १७८४ साली छापलेल्या एका पुस्तकात ह्याचा हिशेब दिला आहे. तेहतीस वर्षांत देवळांच्या ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजविणारे ठार झाले. आपला बंधू उपासनेतून उठून गेला म्हणून मेला असे म्हणावे, तर हे लोक देवाच्या मंदिरात, देवाचे म्हणून समजलेले काम करीत असता मेले. त्यांचे काय म्हणावे?

तिसरी गोष्ट हिशेबाची आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४० ते १९४४ ह्या वर्षांत वीज पडून दरवर्षी तीनशेहून अधिक माणसे मरत. २०१८ ते २०२२ ह्या पाच वर्षांत ही संख्या कोणत्याही वर्षी पंचविसापलीकडे गेली नाही, आणि मध्यंतरी तेथील लोकसंख्या तर अडीचपट झाली. तेथील लोक आपल्या आजोबांहून तितके पुण्यवान झाले काय? असे कोणीही म्हणणार नाही. झाले ते इतकेच की, शेतात उघड्यावर राबणारे लोक कमी झाले, घरे पक्की झाली, आणि वादळाची सूचना आधी मिळू लागली. आपल्या देशात मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली विजेने २,८८७ माणसे मेली. ती बहुतेक खेड्यांतील होती. शेतकरी, मजूर आणि गुराखी, ज्यांस आभाळ कसेही असले तरी रानात जावेच लागते.

विजेला जर पापाचा न्यायाधीश ठरविले, तर हा न्यायाधीश माडीत बसलेल्या सावकारास सोडून बांधावरच्या मजुरास धरतो असे कबूल करावे लागेल. मग गरिबी हेच पाप ठरेल. पवित्र शास्त्र वाचणाऱ्या मंडळीने असा देव मानावा हे आम्हांस भयंकर वाटते.

आता शास्त्राकडे वळू. ईयोबाची मेंढरे व चाकर आभाळातून पडलेल्या अग्नीने जळाले, आणि रानातून सुटलेल्या वाऱ्याने घर पडून त्याची मुले मेली. त्याचे मित्र येऊन सात दिवस गप्प बसले, तोपर्यंत त्यांनी चांगले केले; पण तोंड उघडताच त्याचे पाप शोधू लागले. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर झालेला दिसतो. पौल जहाज फुटून मिलिता बेटावर उतरला आणि त्याच्या हाताला सर्प डसला, तेव्हा लोक म्हणाले की, हा खुनी असला पाहिजे. थोड्या वेळाने तो मेला नाही असे पाहून तेच लोक म्हणाले की, हा देव आहे. संकटावरून मनुष्याची परीक्षा करणारे असेच एका टोकावरून दुसऱ्या टोकास जातात. अमेरिकेत रॉय सलिव्हन नावाचा एक वनरक्षक होता. १९४२ ते १९७७ ह्या काळात त्याजवर सात वेळा वीज पडली आणि सातही वेळा तो वाचला. त्यास मोठा पापी म्हणावे की मोठा भक्त? रानात राहणे हे त्याचे काम होते, एवढेच खरे.

आपल्या प्रभूने तर ह्या प्रश्नाचा निकालच दिला आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतर यरुशलेमकरांहून अधिक अपराधी नव्हती, असे त्याने स्पष्ट सांगितले. आणि लगेच पश्चात्तापाची गोष्ट त्याने ऐकणाऱ्यांकडे वळविली. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, ह्याचे की आईबापांचे? तेव्हाही त्याने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या आंधळ्यास दृष्टी देण्याचे काम हाती घेतले.

येथे एक वाजवी आक्षेप निघतो. मिसर देशावर देवाने गारा व अग्नी पाठविला नव्हता काय? होय, पाठविला, आणि देव पापाचे शासन करीत नाही असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु निर्गमातील तो वृत्तान्त पुन्हा वाचावा. देवाने आदल्या दिवशी मोशेकडून सांगून पाठविले की, गुरे व माणसे आत आणा. फारोच्या चाकरांपैकी ज्यांनी ते वचन मानले त्यांनी ती आत आणली व वाचविली. ज्यांनी मानले नाही त्यांची रानात मेली. शासनाच्या प्रसंगीही देवाने आधी इशारा दिला व आसऱ्याची वाट दाखविली. आणि आसऱ्यास जाणे हीच त्या दिवशी विश्वासाची खूण ठरली. शिवाय ते शासन आहे हे देवाने स्वतः संदेष्ट्याच्या मुखाने कळविले होते. आपल्या बंधूविषयी असा निरोप कोणास आला आहे? आला नसता तो आल्यासारखे बोलणे म्हणजे देवाचे नाव व्यर्थ घेणे होय.

मंडळीतील कुजबुज आणि गावातील कुजबुज ही दोन्ही, आमच्या मते, एकाच झाडाची फळे आहेत. देवी कोपली असे म्हणणे सोडून देव कोपला असे म्हटले, म्हणजे नाव बदलले. भीती तीच राहिली. शुभवर्तमान आपल्याकडे आले ते कोपऱ्या देवतांच्या यादीत आणखी एक नाव घालण्यासाठी आले नाही.

वृद्ध वडिलांच्या म्हणण्याचा आता विचार करू. ते भक्तिमान गृहस्थ आहेत, आणि असे बोलणारे ते पहिले नव्हेत. बेंजामिन फ्रँकलिन ह्याने १७५२ च्या सुमारास दाखवून दिले की, उंचावर टोकदार सळई लावून तिला जाड तारेने ओल्या जमिनीशी जोडले, म्हणजे वीज घरास धक्का न लावता भुईत उतरते. पुढे १७५५ च्या नोव्हेंबरात बॉस्टन नगरास भूकंपाचा धक्का बसला. तेव्हा तेथील थॉमस प्रिन्स नावाच्या पाळकांनी असे लिहिले की, ह्या सळयांनी आकाशातील विद्युत भूमीत भरली गेली, त्यामुळे धरणी हादरली असेल. देवाच्या हातातून सुटका नाही. हार्वर्ड येथील अध्यापक जॉन विन्थ्रप ह्यांनी त्याचे सप्रमाण खंडन केले. ह्याच नगराशी निगडित असलेल्या अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस पोहोचले; म्हणून ही जणू आपल्याच घराण्यातील जुनी गोष्ट आहे असे समजून ऐकावी. प्रिन्स हे खोटे बोलणारे नव्हते. त्यांची चूक एवढीच की, देवाचा हात केवळ मारण्यात आहे असे त्यांनी धरले. राखण्यातही तोच हात असू शकेल हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

पाऊस देवच पाडतो, तरी आपण घरास छप्पर घालतो. त्यास कोणी अविश्वास म्हणत नाही. इतकेच नव्हे, तर अनुवादाच्या ग्रंथात इस्राएलास अशी आज्ञा आहे की, नवे घर बांधशील तेव्हा धाब्यास कठडा कर, नाहीतर कोणी खाली पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. कठडा न घालता "देव सांभाळील" असे म्हणणाऱ्यास शास्त्र विश्वासू म्हणत नाही, दोषी म्हणते. उपासनामंदिराच्या शिखरावरील सळई हा आमच्या मते त्याच जातीचा कठडा आहे. मात्र ती जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावी, आणि तिची तार खोल ओलीपर्यंत नीट पोहोचवावी; अर्धवट बसविलेली सळई नसल्यापेक्षा वाईट.

ह्याच न्यायाने उपदेशकांनी पावसाळ्याआधी मंडळीस पुढील गोष्टी शिकवाव्या. ह्यास उपदेशाबाहेरचे काम समजू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावे. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर होते. तीसच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाचा आसरा मुळीच घेऊ नये. काहीच आसरा नसल्यास पाय जुळवून, डोके खाली घालून उकिडवे बसावे, आणि एकमेकांपासून दूर बसावे. ज्यावर वीज पडली त्याच्या अंगात ती राहत नाही. त्यास शिवण्यास भिऊ नये. श्वास थांबला असल्यास ताबडतोब छाती दाबून श्वास द्यावा आणि दवाखान्यात न्यावे. पुष्कळ जण वाचतात. काही प्रांतांत अशा माणसास शेणात पुरून ठेवतात, त्याने अमूल्य वेळ जातो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने "दामिनी" नावाची मोबाईलवरील सोय केली आहे; जवळपास वीज पडण्याचा संभव असल्यास ती सूचना देते. मंडळीतील ज्या तरुणाच्या हाती मोबाईल असेल, त्याने ती पाहून शेजाऱ्यास हाक मारावी. मिसर देशात जो इशारा मोशेने दिला, तशी हाक देण्याचे काम आज एखाद्या मुलासही करता येईल.

पण पहिला प्रश्न अजून उरलाच आहे. त्या बाईस काय सांगावे? तोच का, त्याच घटकेस का, त्याच झाडाखाली का, हे आम्हांस ठाऊक नाही. वीज कशी पडते हे शास्त्रज्ञ सांगतात. आपल्याच घरावर का, ह्याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही आणि आमच्यापाशीही नाही. विजेमुळे हवेतील नत्र पावसाबरोबर जमिनीस मिळते व पिकांस उपयोगी पडते, हे खरे आहे; पण ते सांगून विधवेचे डोळे पुसले जात नाहीत. म्हणून तिला खोटे उत्तर देऊ नये. देवाचे मन आम्हांस कळले आहे असा आव आणू नये.

एक गोष्ट मात्र निश्चयाने सांगता येईल. वधस्तंभावर खिळलेल्या आपल्या प्रभूकडे पाहून जाणारेयेणारेही असेच म्हणत होते की, ह्याला देवाने टाकिले आहे. दुःख दिसले की पाप शोधावे, ह्या रीतीने पाहणाऱ्यांनी देवाच्या पुत्रासही पापी ठरविले. जी मंडळी त्या वधस्तंभाखाली प्रत्येक प्रभुवारी जमते, तिने तरी ही रीत कायमची सोडून दिली पाहिजे.

आणि प्रभूच्या दिवसाविषयी म्हणाल, तर शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला बैल तुम्ही वर काढीत नाही काय, असे विचारणाऱ्या प्रभूपुढे आपला बंधू उभा आहे. वर्षाची भाकरी पाण्यात जात असता ती झाकण्यास तो गेला. त्याचे बरेवाईट प्रभू जाणतो. शोध करावयाचाच असेल तर आपण आपला करू. आभाळ भरलेले सर्वांनी पाहिले. त्याचा कांदा उघडा आहे हे पुष्कळांस ठाऊक होते. उठून एकटाच गेला. ताडपत्रीचे दुसरे टोक धरावयास कोणी गेले काय? "लिंबाखाली उभा राहू नको" असे त्यास पूर्वी कधी कोणी सांगितले होते काय? हे आम्ही त्या मंडळीस दोष लावण्यासाठी लिहीत नाही. कारण आम्हीही त्या ठिकाणी असतो तर बहुधा बसूनच राहिलो असतो. पश्चात्ताप करा, असे प्रभूने शिलोहाची गोष्ट निघाली असता म्हटले, ते कोणास उद्देशून म्हटले हे आता आम्हांस थोडे अधिक समजते.

म्हणून उपदेशक बंधूंस आमचे उत्तर असे आहे. येत्या प्रभुवारी उपासनेच्या आरंभी मंडळीस स्पष्ट सांगावे की, आपल्या बंधूच्या मरणावरून त्याच्या पापाची चर्चा करणे आजपासून बंद. नंतर मंडळीतील दोघी बहिणींनी दाराजवळ जाऊन तिच्या शेजारी बसावे. वीज पडून मेलेल्यांच्या वारसांस सरकारी साहाय्य मिळते. त्यासाठी पंचनामा व दवाखान्याचे कागद लागतात. ते घेऊन कोणीतरी तिजबरोबर तहसील कचेरीत जावे, एकदा नव्हे तर काम होईपर्यंत. आणि त्याने झाकून ठेविलेला कांदा अद्याप शेतात असेल, तर मंडळीने गाडी जोडून तो बाजारी पोहोचवावा, आणि पैसे तिच्या हाती द्यावे.